हात चुकला की फडकं?

आमच्या कपाटावर जुन्या कपड्यांचं एक बोचकं असतं. तुमच्याही घरी असणारच. विटलेली साडी, मुलांचे आखूड झालेले शर्ट, ह्यांचे बनियन, दोरे निघालेला टॉवेल. फडकं हवं असलं की बोचक्यात हात घालायचा आणि हाती येईल ते टराटरा फाडायचं. वर्षानुवर्षं माझा हाच शिरस्ता. याच बोचक्यानं मला एक धडा शिकवला, आणि तोही माझ्या हातून एका माणसावर अन्याय झाल्यावर. म्हणून मैत्रिणींनो, आज चक्क गाडी पुसायच्या फडक्यावर लिहिते आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा!

आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ आणि वापरायला बोअरचं पाणी. तीन वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढून गाडी घेतली. गर्द निळ्या रंगाची. घरातली पहिलीच गाडी, त्यामुळे कौतुक विचारू नका. भांड्याला येणाऱ्या मावशी स्वतःहून म्हणाल्या, "वैनी, गाडी मी धुत जाईन. नातीच्या शिकवणीचं तेवढंच भागंल." महिना चारशे रुपये ठरले. बादली, मग आणि फडकं मी दिलं. फडकं म्हणजे माझ्या जुन्या जॉर्जेट साडीचा अर्धा भाग, पिको-फॉलसकट.

आठ-नऊ महिने गेले. दिवाळीच्या आधी मुलानं गाडी उन्हात काढली आणि ओरडलाच. बॉनेटवर, दारांवर बारीक बारीक गोल रेषा. कोळ्यानं जाळं विणावं तशा. सावलीत काही दिसत नव्हतं, पण ऊन पडलं की सगळं उघड. ह्यांचा चेहरा पडला. मी तडक मावशींना हाक मारली आणि शेजारच्या काकूंच्या देखत विचारलं, "मावशी, गाडीला तारेची घासणी लावली होती का हो?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "न्हाई वैनी," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून भांड्याला आल्या, पण गाडीला हात लावला नाही. चारशे रुपये बंद झाले. आणि मीही गप्पच राहिले. बचत गटाच्या बैठकीत बाईच्या कष्टाला मान द्या म्हणून तावातावानं बोलणारी मी!

पॉलिशवाल्याचा प्रश्न

गाडी पॉलिशला नेली. तिथल्या माणसानं रेषांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वहिनी, पुसता कशानं?" मी मोठ्या तोऱ्यात डिकीतला साडीचा तुकडा काढून दाखवला. तो हसला. "ही साडी पाणी पिते का हो?"

आता सांगा, जॉर्जेटची सिंथेटिक साडी कुठून पाणी पिणार? पाणी टिपलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं. मग माणूस काय करतो? दाबून घासतो. गाडीवर राहिलेला मातीचा कण त्या फडक्याखाली अडकतो आणि फिरतो. मातीतल्या वाळूचा कण रंगापेक्षा टणक. गाडीच्या रंगावर जो चकचकीत पारदर्शक थर असतो, तो साधारणपणे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्याच्यावर चरे पडायला घासणी कशाला हवी? त्यात साडीच्या काठाला पिकोचा कडक दोरा. आणि आमच्याकडे चाकं पुसायला तेच फडकं आणि बॉनेट पुसायलाही तेच!

पॉलिशला साडेतीन हजार रुपये गेले. पैशांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त मावशींची ती नजर आठवून वाटलं.

ताटावरचा प्रयोग

घरी येऊन मी एक उद्योग केला. तुम्हीही करून पाहा. स्टीलच्या ताटात दोन चमचे पाणी टाकायचं, त्यावर फडकं न घासता नुसतं ठेवायचं आणि अलगद ओढायचं.

साडीनं पाणी ढकललं. सोलापूरच्या नव्याकोऱ्या टॉवेलनंही पाणी नीट घेतलं नाही! मला धक्काच बसला. आपल्या सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं, अभिमानाची गोष्ट. पण नव्या कापडावर खळ किंवा मऊपणासाठी लावलेली द्रव्यं असतात, ती चार-पाच धुण्यांत गेल्याशिवाय सुती कापड मनापासून पाणी पीत नाही. तोच टॉवेल वापरून मऊ झालेला घेतला, तर त्यानं ताट छान टिपलं. मात्र मागे तूस राहिलं. जुन्या धोतराचा तुकडा मऊ होता, पण पातळ. लगेच चिंब झाला.

मग पॉलिशवाल्याकडून आणलेलं मायक्रोफायबरचं फडकं ठेवलं. एका ओढीत ताट कोरडं. गंमत अशी, की हे कापडही पॉलिएस्टरचंच असतं, त्यात थोडा नायलॉनच्या जातीचा धागा. मग साडीला जमलं नाही ते याला कसं जमलं? याचे तंतू रेशमाहून बारीक असतात. इतके बारीक, की नऊ हजार मीटर लांब तंतूचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. शिवाय ते चिरलेले असतात. त्यांच्या मधल्या असंख्य फटींत पाणी खेचलं जातं आणि वरच्या मऊ लवेत बारीक कण शिरून बसतो, रंगावर घासत नाही. 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीतले संशोधक मियोशी ओकामोटो यांनी अशाच अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम सुएड बनवलं होतं. पुढे अशा बारीक धाग्यांची फडकी घरोघरी पोहोचली.

बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात. एक शॅमॉय, म्हणजे कमावलेलं मऊ कातडं. नाव युरोपातल्या डोंगरी प्राण्याचं, पण हल्ली बहुतेक मेंढीचं असतं. दुसरं, डबीत मिळणारं पिवळं-निळं रबरासारखं कृत्रिम शॅमॉय. ते वाळलं की पापडासारखं कडक होतं, म्हणून आधी भिजवून पिळून घ्यावं लागतं. दोन्ही पाणी झकास टिपतात. पण त्यांना लव नाही. गाडीवर चुकून कण राहिला तर त्याला आत शिरायला जागाच नाही, तो रंगावरच घासला जातो. आपल्या धुळीच्या गावात म्हणून मी मायक्रोफायबरच्या बाजूनं आहे.

घेताना काय पाहाल?

पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. तीनशे-चारशेचं फडकं काचा आणि आतल्या भागाला पुरतं. गाडीचं अंग पुसायला पाचशेच्या पुढचं, दाट लवेचं घ्यावं. चौकड्यांच्या विणीचं, बिस्किटासारखं दिसणारं फडकंही चांगलं. ते वजनाला हलकं असलं तरी पाणी भरपूर घेतं आणि लवकर वाळतं. आकार रुमालाएवढा नको, हातटॉवेलपेक्षा मोठा हवा. काठ बोटानं चाचपा. कडक शिवण असेल तर नको. लेबल असेल तर कापून टाका. शंका वाटली तर एखाद्या टाकाऊ सीडीच्या चकचकीत बाजूवर फडकं फिरवून बघा. तिथे चरे उठले तर ते फडकं गाडीला लावू नका.

पुसण्याचीही रीत आहे. आधी गाडीवर भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊ द्यायची. टपापासून सुरुवात, मग काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग. फडकं पसरायचं आणि अलगद ओढायचं, गोल गोल घासायचं नाही. चाकांचं फडकं वेगळं. माझा जुना सोलापुरी टॉवेल आता तिथे कामाला आहे. फडकं जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. आणि गाडी सावलीतच धुवा, लगेच पुसा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळले, की हिटरच्या कॉइलवर बसतो तसाच पांढरा थर डागांच्या रूपानं रंगावर बसतो.

हे फडकं सुती कपड्यांबरोबर धुवू नका, सगळं तूस ओढून घेतं. साबण सौम्य वापरा. कपडे मऊ करायचं द्रव्य अजिबात नको, त्यानं तंतूंवर थर बसतो आणि पाणी टिपणं कमी होतं. उकळतं पाणी नको, इस्त्री नको. सावलीत वाळवायचं.

हे सगळं कळलं, पण खरं काम बाकीच होतं. दोन फडकी घेऊन मी मावशींच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. फडकं मी चुकीचं दिलं आणि बोल तुम्हाला लावला."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वैनी, वीस वर्सं तुमची भांडी घासते. काचंच्या बशीला कधी चरा पडला का? स्टीलला तार, नॉनस्टिकला पंज, देवाच्या भांड्याला चिंच, समदं तुमीच सांगता. गाडीला काय लावायचं ते मातुर कुनी सांगितलंच न्हाई."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, आपल्या घरात ओट्याचं फडकं वेगळं, देवघराचं वस्त्र वेगळं, फरशीचं पोतेरं वेगळं. यात गफलत झाली तर आपण घर डोक्यावर घेतो. गाडी मात्र पुरुषांची वस्तू म्हणून तिच्या फडक्याचा विचार आपण कधी केलाच नाही, आणि पुरुषांनी तर नाहीच नाही. मग चरा दिसला की बोट कुणाकडे? जिच्या हातात फडकं असतं तिच्याकडे.

त्या दोन फडक्यांना मला मिळून साडेपाचशे रुपये पडले. त्या आधी खर्च केले असते तर साडेतीन हजार वाचले असते आणि एका कष्टाळू बाईचे चार महिन्यांचे पैसेही बुडले नसते. ते सोळाशे मी नेऊन दिले. घेईनात, नातीच्या हातात ठेवले.

आता मावशी पुन्हा गाडी धुतात. शेजारच्या काकूंनीही त्यांनाच काम दिलंय, पण मावशींनी आधीच बजावून सांगितलं, "गाडी तुमची, फडकंबी तुमचंच. आन् चांगलं द्या." परवा काकू बोचकं सोडून बसल्या होत्या. मी कुंपणावरूनच ओरडले, "काकू, साडी नको हं!"