खाडीकाठच्या कोळंबी तळ्यासाठी नवी साधने : घ्यायची कोणती, टाळायची कोणती

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु तालुक्याच्या पश्चिमेस कशेळी, काल्हेर, खारबाव या बाजूला वसईच्या खाडीचे भरतीचे पाणी आत येते आणि गोदामांतून अजून वाचलेल्या काही खाजण जमिनी तेथे आहेत. बांध फुटला किंवा उघाडी निकामी झाली की अशा जमिनीतील भात जातो. मग निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी, जिताडा किंवा खेकडा घ्यावा, असा विचार सुरू होतो. तळे खोदून होण्यापूर्वीच विक्रेते येऊ लागतात. रोगमुक्त बीज, जिवाणूंची पावडर, झिओलाइट, प्राणवायूच्या गोळ्या, तपासणी संच, अशी यादी लांबत जाते. यातील प्रत्येक वस्तू कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सर्वात जास्त गैरसमज 'रोगमुक्त' या शब्दाबद्दल आहे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातील टायगर कोळंबीची तळीच्या तळी रिकामी केली. हा विषाणूजन्य रोग असून त्यावर तेव्हा औषध नव्हते आणि आजही नाही. २००९ पासून व्हेनामी या मूळच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कोळंबीचे संवर्धन आपल्याकडे सुरू झाले. तिची आयात केलेली प्रजनक कोळंबी चेन्नई येथे विलग ठेवून तपासली जाते. अशा प्रजनकांत ठरावीक, नाव घेऊन तपासलेले रोगजंतू नसतात, एवढाच 'रोगमुक्त' या शब्दाचा अर्थ आहे. ती कोळंबी रोगाला दाद देत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. खाडीतील खेकडे व रानकोळंबी हा विषाणू अंगावर बाळगून असतात. तो तळ्यात शिरला तर रोगमुक्त बीजही मरते.

म्हणून बीजाइतकाच खर्च पाणी आत घेण्यावर करावा. नोंदणीकृत केंद्राचेच बीज घ्यावे व पीसीआर तपासणीचा दाखला मागावा. खाडीचे पाणी थेट संवर्धन तळ्यात सोडू नये. आधी ते साठवण तळ्यात बारीक जाळीतून गाळून घ्यावे. तेथे एक मीटर खोलीच्या एक हेक्टर पाण्यास सुमारे ६०० किलो चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर द्यावी आणि क्लोरीन पूर्ण उडून गेल्यावरच पाणी वापरावे. बांधावर खेकडे चढू नयेत म्हणून नायलॉनच्या जाळीचे कुंपण घालावे. हे कुंपण दिसायला क्षुल्लक आहे, पण आमच्या मते दहा बाटल्यांपेक्षा ते अधिक उपयोगी आहे. एवढे करूनही रोग आलाच, तर तळ्याचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडू नये, नाहीतर शेजाऱ्याचे तळेही जाते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचे सांडपाणी घेऊन खाली येते, तर कामवारी नदी भिवंडी शहरातून वाहते. ओहोटीला हेच पाणी तुमच्या उघाडीसमोर असते. तेव्हा पाणी उधाणाच्या भरतीलाच घ्यावे आणि जागा ठरविण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जड धातू किंवा कारखान्याचे रसायन काढून टाकील अशी पावडर बाजारात नाही. याच कारणाने या खाडीत कालवे किंवा शिनाणे वाढविण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. हे प्राणी पाणी गाळून जगतात व पाण्यातील घाण अंगात साठवतात. स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवल्याने जिवाणू बरेच कमी होतात, मात्र जड धातू जात नाहीत. कालव्यांसाठी सिंधुदुर्गाकडील स्वच्छ खाड्याच बऱ्या.

आता तळ्यात टाकावयाच्या वस्तू. जिवाणूंची पावडर (प्रोबायोटिक) तळातील उरलेले खाद्य व विष्ठा कुजविण्यास मदत करते. हे जिवाणू जिवंत असतात. उन्हात ठेवलेला किंवा मुदत संपलेला डबा घेणे म्हणजे माती विकत घेणे होय. ब्लीचिंग पावडर दिल्यानंतर लगेच ही पावडर टाकल्यास सारे जिवाणू मरतात. हा दुहेरी खर्च अनेकजण करतात. झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया धरून ठेवते, परंतु खाऱ्या पाण्यातील सोडियममुळे तिची ही शक्ती फारच घटते. तेव्हा निमखाऱ्या तळ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नये. अमोनिया वाढला तर प्रथम खाद्य कमी करावे. खाद्याचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक असतो. खाद्य दिल्यानंतर दोन तासांनी तपासणी थाळी वर काढून पाहण्याची सवय लावल्यास तो आटोक्यात राहतो.

प्राणवायूच्या गोळ्या रात्रीच्या संकटापुरत्या जवळ असाव्यात. रोजचे काम पाणी ढवळणाऱ्या चाकांनी, म्हणजे एरेटरनेच होते. साधारणपणे तळ्यातील ५०० किलो कोळंबीमागे एक अश्वशक्ती धरावी. प्राणवायू सर्वात कमी असतो तो पहाटे. दुपारी घेतलेली मोजणी फसवी असते. पहाटे प्राणवायू दशलक्ष भागात ४ भागांहून खाली गेला तर चाके अधिक वेळ चालवावीत. ३ च्या खाली कोळंबी ताणाखाली येते. सामू ७.५ ते ८.५ असावा. जेथे पूर्वी तिवरे होती, तेथील तळ भेगा पडेपर्यंत वाळविल्यास मातीतील गंधकयुक्त लोहापासून आम्ल तयार होते व सामू घसरतो. अशा तळ्यास चुना देण्यापूर्वी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. अर्थात, तळ्यासाठी उभी तिवरे तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच त्यास मनाई केली आहे.

डब्यावर घटकांची नावे नसतील तर तो परत करावा. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांना बंदी असून त्यांचा अंश सापडलेला माल निर्यातीतून नाकारला जातो. निमखाऱ्या पाण्यातील संवर्धनासाठी २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती तळे खोदण्यापूर्वीच करावी. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते, त्यामुळे निमखाऱ्या पाण्याचे पीक मे अखेर निघेल अशा बेताने बीज सोडावे, म्हणजे अर्जाची तयारी दिवाळीपूर्वीच झालेली बरी.