माग कुणाच्या हाती?

नाहूर हे मुंबईत मध्य रेल्वेवरचे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्टेशन. या नावाचे पोलीस ठाणे नाही. इथल्या रहिवाशाचा मोबाइल चोरीला गेला, तर तो गाडीत गेला, फलाटावर गेला की बाहेर रिक्षाच्या रांगेत गेला, यावर पुढचे सारे ठरते. रेल्वेच्या आवारात रेल्वे पोलीस, आणि त्यांचे आयुक्तालयच वेगळे. रेल्वेच्या मालमत्तेला हात लागला असेल तर रेल्वे सुरक्षा दल, आणि ते केंद्र सरकारचे. बाहेर शहर पोलीस, तेही वस्ती पाहून भांडुपचे, मुलुंडचे किंवा नवघरचे. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे शहर आयुक्तालय सुरू. नकाशावर ही आखणी चोख आहे, पण ज्याचे नुकतेच काहीतरी गेले आहे त्याच्यापर्यंत तो नकाशा एका वाक्याच्या रूपाने पोचतो: ‘ही आमची हद्द नाही.’ पोलिसांविषयी बोलताना आपण लाठी, लॉकअप आणि हप्ता यांवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण बहुतेक माणसांवर लाठी कधी पडत नाही आणि लॉकअप त्यांनी पाहिलेलेही नसते. त्यांचे पोलिसांबद्दलचे मत ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, आपले म्हणणे लिहून घेतले जाते की नाही या एका प्रश्नावर पक्के होते. अमेरिकन अभ्यासक टॉम टायलर यांनी शिकागोच्या नागरिकांच्या मुलाखतींवरून १९९० साली एक पुस्तक लिहिले. लोक कायदा आणि पोलीस यांना मान देतात तो निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून नव्हे, तर वागणूक न्याय्य मिळाली आणि म्हणणे ऐकून घेतले गेले म्हणून, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे हे समजायला शिकागोला जायची गरज नाही. ‘हद्द’ या शब्दाचा माग काढला तरी पुरे.

हा माग दोनशे वर्षे मागे, एका सरकारी अहवालापर्यंत जातो. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा एक विस्तृत अहवाल लिहिला. महसूल आणि न्यायाच्या प्रकरणांसाठी तो आजही वाचला जातो. त्यातला गावच्या जागल्याबद्दलचा, म्हणजे रखवालदाराबद्दलचा, मजकूर मात्र कुणी फारसा उद्धृत करत नाही, आणि मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. चोरी झाली की चोराचा माग काढणे हे जागल्याचे काम. पावलांचे ठसे पाहत तो गावच्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला असेल, तर पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून ‘हा पाहा, इथून तुझ्या गावात शिरला’ असे त्याला पटवून द्यायचे. त्याला पटले की पहिल्याची जबाबदारी संपे आणि माग दुसऱ्याच्या हाती जाई. तोही आपल्या शिवेपर्यंत जाऊन तिसऱ्याच्या हाती देई. ज्या गावात माग संपला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची, उरलेली गावाने भरायची. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणायचे नाही. ज्या गावाला चोरी रोखणे शक्य नव्हते त्याच्याकडून भरपाई घेणे अन्यायाचे आहे, आणि पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, हे एल्फिन्स्टनने स्वतःच नमूद केले आहे. शिवाय जागल्याचे काम ठरावीक जातींवर लादलेले होते. चोरांवर पाळत ठेवणाऱ्यालाच चोर समजण्याची खोड तेव्हाही होती, आणि पुढे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तिला १८७१ साली सरकारी शिक्का दिला. तरीही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आज दुर्मीळ झाली आहे. शीव ही जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची जागा होती, ती झटकण्याची नव्हे. पुढच्याने माग स्वीकारेपर्यंत मागचा मोकळा होत नसे. चोरी झालेल्या माणसाला ‘तू त्या गावी जाऊन सांग’ असे कुणी म्हणत नसे, कारण शिवेपर्यंत चालत जाणे हे जागल्याचे काम होते.

मधल्या काळात कायदे आले, खाती आली, गणवेश आले. १९०२-०३च्या फ्रेझर आयोगाने हिंदुस्थानातले पोलीस लोकांना भ्रष्ट आणि जुलमी वाटतात असे सरकारला तोंडावर सांगितले. त्या शतकभराचा तपशील वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थेट ११ जुलै १९९७ या दिवशी येतो. जागा नाहूरपासून फार लांब नाही. पूर्व द्रुतगती मार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर लागते.

त्या सकाळी वस्तीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. पुढे काय झाले हे आपण एका वाक्यात सांगतो: लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली, सव्वीस जखमी झाली. पण या वाक्याच्या आधीचा अर्धा तास कुणी फारसा पाहत नाही. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली दलितांवरील अत्याचारांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो घटनाक्रम आहे. रहिवासी आधी रस्त्यावर गेले नाहीत, ते जवळच्या बीट चौकीत तक्रार घेऊन गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की पंतनगर पोलीस ठाण्यात जा, हे काम त्यांचे. म्हणजे ज्यांना वस्ती ठाऊक होती, ज्यांची रोजची गस्त तिथे होती, त्यांनी अपमानित माणसांना पुढच्या दाराकडे पाठवले. आणि नंतर जे आले, ते राखीव दलाचे जवान, त्यांना ही वस्ती ना ओळखीची, ना तक्रार ऐकून घेणे त्यांच्या कामात बसणारे. त्यांच्या हाती बंदुका होत्या. माग देणारा आणि घेणारा यांची गाठ कुठेही पडली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. चौकीला गुन्हा नोंदवण्याचा अधिकार नसतो, तो ठाण्याचा असतो; मग चौकीवाल्याने नियमच सांगितला, त्याचा काय दोष? नियम तोच होता, हे मान्य. पण ‘नोंद ठाण्यात होते’ आणि ‘तुम्ही ठाण्यात जा’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात कायदा आहे, दुसऱ्यात हात झटकणे आहे. चौकीतल्या पोलिसाला ठाण्याला कळवता येते, अधिकाऱ्याला बोलावता येते, तो येईपर्यंत पुतळ्यापाशी उभे राहता येते. जागल्यालाही शिवेपलीकडे अधिकार नव्हताच, पण तो शिवेपर्यंत जात असे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जमाव चवताळला होता, गॅसचे टँकर पेटवले जाण्याचा धोका होता, अशा वेळी निर्णय क्षणांत घ्यावा लागतो. सरकारी बाजूने हेच सांगितले गेले. याचा निवाडा न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांच्या आयोगाने केला. टँकरची सबब आयोगाला पटली नाही. १९९८च्या अहवालात गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हणून तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. न्यायमूर्ती एस. एम. दाऊद आणि होस्बेट सुरेश यांनी लोकांच्या वतीने स्वतंत्र चौकशी केली होती. २००९ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली, आणि लगेचच उच्च न्यायालयाकडून त्यांना जामीन मिळाला. गोळीबारापासून त्या निकालापर्यंत बारा वर्षे गेली होती. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू झाला आणि पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात घोगरे यांची आठवण निघाली, की पोलिसांविषयीचे बोलणे आजही खालच्या आवाजात होते.

पण फक्त चीड दाखवली तर चित्र खोटे होईल. याच शहराने तुकाराम ओंबळे यांना डोक्यावर घेतले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या साहाय्यक उपनिरीक्षकाने दहशतवादी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आणि त्यांच्याविषयीचा आदर मनापासूनचा आहे. याच शहराने चकमकफेम अधिकाऱ्यांनाही नायक केले. ती आपली मोठी चूक होती असे मला वाटते. २००६ साली रामनारायण गुप्ता या माणसाला चकमकीच्या नावाखाली मारण्यात आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना त्यासाठी जन्मठेप दिली. ‘गुंडाला असाच धडा शिकवला पाहिजे’ असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गाला, आपली एनसी सुद्धा धड लिहून घेत नाहीत म्हणून तक्रार करताना, या दोन गोष्टींमधला धागा दिसत नाही. जो पोलीस कागदाला बांधील नाही, तो गुंडाच्या बाबतीत नाही आणि आपल्याही बाबतीत नाही. नोंद ही पोलिसाला बांधून ठेवणारी दोरी आहे. ती एकासाठी तोडली की सगळ्यांसाठी तुटते.

एनसीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, कारण बरीच माणसे तिथेच फसतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती लिहून झाली तरी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हाती कागद आला म्हणून माणूस समाधानाने घरी जातो, आणि महिन्यांनी कळते की तपास सुरूच झालेला नाही. दखलपात्र गुन्हा एनसीवर भागवला जातो त्यामागे आकडेवारीचे दडपण असते: ठाण्याच्या हद्दीत गुन्हे वाढलेले दिसले तर वरिष्ठ विचारणार. जिथे कमी नोंदी म्हणजे चांगले पोलिसिंग असे मोजले जाते, तिथे तक्रारदार हा आकडा बिघडवणारा माणूस ठरतो. अंमलदाराचा त्रासलेला सूर पुष्कळदा या हिशेबातून येतो, एकट्या दुष्टपणातून नव्हे.

थकव्यातूनही येतो. कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातले पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात. चौदाव्या तासाला बसलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करणे कठीण आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात झालेला आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मला अलीकडच्या सगळ्या सुधारणांत मोलाचा वाटतो. कल्पना तिथल्याच एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने मांडली, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलली, आणि पुढच्या वर्षी ती शहरभरच्या ठाण्यांत नेली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली दिलेले पोलीस सुधारणांचे आदेश राज्ये वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवतात, आणि इथे खालून आलेली एक सूचना काही महिन्यांत अमलात येते. बदल अशक्य आहे हे म्हणणे त्यामुळे मला पटत नाही.

कायदाही फिरून त्या जागल्यापाशी आला आहे. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याची सूचना काढली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर नोंद बंधनकारक ठरवली. खोट्या तक्रारींचा पूर येईल हा आक्षेप त्यांच्यापुढे होता, आणि कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हयगय अशा काही प्रकारांत प्राथमिक चौकशीची मुभा देऊन त्यांनी तो निकालात काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवायची, हे स्वच्छ लिहिले आहे. यालाच शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात. जिथे माणूस पोचला तिथे लिहून घ्यायचे आणि ज्याची हद्द त्याच्याकडे पोलिसांनीच पाठवायचे. शिवेपर्यंत चालत जाऊन माग पुढच्याच्या हाती देण्याचेच हे काम आहे.

म्हणून नाहूरच्या, किंवा कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या वाचकाला एवढीच विनंती. ‘आमची हद्द नाही’ असे ऐकल्यावर खुर्चीवरून उठू नका. शून्य क्रमांकाने लिहून घ्या म्हणा, लिहिलेले वाचून पाहा, वर एनसी लिहिले आहे की एफआयआर ते बघा, आणि एफआयआरची प्रत मागा. ती विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. ठाण्यात नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.