मोती तलावाकाठचा मे महिना

मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला आता सावंतवाडी लागत नाही. झाराप ते पत्रादेवी बायपास झाला आणि गोव्याकडे धावणाऱ्या गाड्या शहराला बगल देऊन परस्पर जाऊ लागल्या. कोकण रेल्वेचं ‘सावंतवाडी रोड’ स्थानकही शहरात नाही, ते मळगावात आहे. त्यामुळे इथे येणारा एकतर मुद्दाम येतो, नाहीतर त्याचं घर इथे असतं. मे महिन्यात घर असणारेच जास्त. मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह उतरतात आणि एरवी दोन म्हातारी माणसं राहणाऱ्या घरात एकदम दहा पानं मांडावी लागतात. सावंतवाडी पाहायची असेल तर ती याच दिवसांत पाहावी, आणि नुसती राजवाड्यापुरती पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या मधोमध मोती तलाव आहे. तो 1874 साली बांधला गेला. एका अंगाला सावंत-भोसल्यांचा तांबड्या चिऱ्याचा राजवाडा, पलीकडे नरेंद्र डोंगराची हिरवी पाठ आणि सभोवार रस्ता. राजवाडा तलावाहून जुना, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. संस्थान गेलं, पण तलाव शहराच्या रोजच्या जगण्यात राहिला. सकाळी चालायला जाणारे, दुपारी बाजारातून घरी परतणारे, संध्याकाळी केशवसुत कट्ट्यावर टेकणारे, सगळ्यांची वाट तलावावरूनच जाते.

पण मे महिन्याचा खरा कारभार चालतो तो तलावापासून आत शिरणाऱ्या आळ्यांत, चिरेबंदी कौलारू घरांच्या खळ्यात. सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एकदा तो लागला की ऊन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जे वाळवायचं, कुटायचं, मुरवायचं, भरून ठेवायचं ते सगळं मृगाच्या आत. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत फणसाची भाजी किंवा खाराची मिरची एवढं पोटात गेलं की घर कामाला लागतं.

रातांब्यांचंच, म्हणजे कोकमाच्या फळांचंच पाहा. टोपलीभर लालजांभळी फळं खळ्यात येतात. त्यांचे दोन भाग करायचे, आतला गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्या. गरात मीठ घातलं की त्याला रस सुटतो. हा रस नुसता चाखायला गेलात तर दात आंबतात. त्याच रसात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात घालायची. असं पुटावर पूट चढत जातं आणि सालं काळीभोर, मऊ होतात. ती आमसुलं. उरलेला खारवलेला रस गाळून बाटल्यांत भरला की ते आगळ, वर्षभराच्या सोलकढीचं. थोडी सालं साखरेबरोबर बरणीत भरून उन्हात ठेवतात, ते सरबताचं कोकम. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, उकळून त्यांचं तेल काढतात, ते थिजून घट्ट होतं आणि पावसात भेगाळलेल्या टाचांना लावलं जातं. एका फळाचा एवढा वापर दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरात होत असेल असं मला वाटत नाही. हे करणाऱ्या बाईची बोटं दोन-दोन आठवडे लाल राहतात.

फणसाचं तंत्र वेगळं. कापा खायला, बरका साठांना. हाताला आणि सुरीला खोबरेल चोळल्याशिवाय कुणी फणसाला हात लावत नाही, चीक लागला तर सुटता सुटत नाही. बरक्या गऱ्यांचा रस चाळणीवर काढून ताटांना तेलाचा हात फिरवून पसरतात. एक थर सुकला की दुसरा. मेच्या अखेरीस दुपारी आकाश भरून आलं की आतून सासूची हाक येते, “अगो बाय, ढग इले, साटां भितूर घे!” आणि पुढच्या क्षणी घरातली झाडून सगळी माणसं, मुंबईहून आलेली पोरंसुद्धा, ताटं घेऊन पडवीकडे पळतात. आठळ्या बाजूला काढून ठेवतात. आषाढात त्या चुलीत भाजून खायच्या किंवा भाजीत घालायच्या.

मिरचीचं काम त्याआधीच उरकलेलं असतं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घाट उतरून येते, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल भाजून तिच्यात पडतं आणि गिरणीबाहेर डबे घेऊन बायकांची रांग लागते. त्या दिवसांत गिरणीच्या आळीतून जाणारा शिंकल्याशिवाय पुढे जात नाही. प्रत्येक घरचं मसाल्याचं प्रमाण वेगळं, आणि ते कागदावर सहसा लिहिलेलं नसतं. सासूकडून सुनेकडे ते हातानेच जातं.

या सगळ्याचा मेळ दिसतो तो मंगळवारच्या आठवडा बाजारात. आसपासच्या गावांतून माणसं सकाळीच येतात. पायलीवर रातांबे, पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, गावठी आंबे, वालीच्या शेंगा, नारळ, सुंभ, झाडू, सुपं. एका बाजूला सुकी मासळी: बांगडे, सुंगटं, गोलमा. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून घरोघर पावसाची ही बेगमी मेमध्येच होते. वेंगुर्ल्याचा किनारा इथून 25-30 किलोमीटर, त्यामुळे ताजा बांगडाही दुपारच्या जेवणाला वेळेत पोचतो. भाव करा, पण करवंदं विकणाऱ्या म्हातारीशी करू नका. काट्यांतून एक-एक फळ वेचून तो द्रोण भरलेला असतो.

दुपारी मात्र सगळं शांत. उकाडा अंगाला चिकटतो, पानसुद्धा हलत नाही. पूर्वी अशा दुपारी राजवाड्यात आणि वाड्यांत गंजिफाच्या पत्त्यांचा डाव पडायचा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून 120. पानं गोल, हाताने रंगवलेली, लाखेने चकचकीत केलेली. दिवसा खेळायचं तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. खेळणारे जवळजवळ संपले होते, करणारेही. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशिलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली, कारागिरांना राजवाड्यातच बसायला जागा दिली. आजही तिथल्या दालनात बारीक कुंचल्याने पानं रंगवणारी माणसं दिसतात. त्यांच्याजवळ दहा मिनिटं उभं राहा, घाई करू नका.

चितारआळी तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाट, चौरंग, लाटणी, भातुकली, पांगुळगाडे, भोवरे, आणि खरी वाटावीत अशी लाकडी केळी, आंबे, सीताफळं. पूर्वी ही फळं हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची व्हायची. प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी या आळीचं फार नुकसान केलं आहे. मे महिन्यात नातवाचा हात धरून आलेली आजी हे इथलं मोठं गिऱ्हाईक आहे आणि तिच्यावर कारागिराचे पावसाळ्यातले मंदीचे दिवस निघतात.

ऊन कललं की समुद्राकडून वारा सुटतो आणि अख्खं शहर तलावावर येतं. आइस्क्रीमच्या गाड्या, भेळ, शाळेतल्या मैत्रिणी वर्षाने भेटलेल्या, “कधी इलंस?” आणि “कधी जातलंस?” हे दोन प्रश्न. लग्नं जुळवण्याचं निम्मं काम याच फेरीत होतं.

आमसुलं, साठं, मसाला सगळं आता पाकिटात मिळतं, आणि घरातल्या हातांची संख्या घटते आहे हेही खरं. म्हणूनच विकत घ्यायचं तर बचत गटाच्या बायकांकडून घ्या, आळीतल्या घरांत चौकशी करून घ्या. गोव्याला जाताना झारापला बायपास सोडा आणि गाडी आत वळवा. मेचा दुसरा पंधरवडा आणि मंगळवार धरून या, सकाळी दहाच्या आत बाजार गाठा. मृग लागला की रातांबे संपतात आणि खळी रिकामी होतात.