छायाचित्रकाराची पाटी : दुकानावरची आणि आंतरजालावरची

गेल्या काही वर्षांत आपल्या ट्रस्टच्या सभासद कुटुंबांतील बरीच मुले छायाचित्रणाच्या धंद्याकडे वळली आहेत. धार व देवास या दोन्ही गावी लग्नसराईत हातात कॅमेरा घेतलेला एखादा माजी विद्यार्थी मला भेटतोच. कॅमेरा व भिंगे यांत घरची शिल्लक घातलेली असते, कोठे आईची बांगडीही मोडलेली असते, आणि कमाईचे दिवस मात्र वर्षातून मोजके. म्हणून प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : “सर, कॅमेरा तर घेतला, आता गिऱ्हाईक कोठून आणावे?” पूर्वी याचे उत्तर सोपे होते. बाजारपेठेत गाळा घ्यावा आणि वर पाटी लावावी. आज मुलीचे लग्न ठरले की घरातील मंडळी आधी मोबाईलवर शोध घेतात व मग बाजारात जातात. तेव्हा ही पाटी आता आंतरजालावरही लावावी लागते. ती कशी रंगवावी, कोठे टांगावी आणि तिच्यावर काय लावू नये, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

नाव कमावण्याचे शास्त्र काही नवे नाही, आणि त्याचा उत्तम धडा आपल्या शेजारीच, इंदूरला आहे. लाला दीनदयाळ हे १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) व इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांचे काम पाहिले व उत्तेजन दिले. पुढे १८८२ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढण्याची संधी त्यांना मिळाली, आणि ती चित्रे १८८६ साली ग्रंथरूपाने बाहेर पडली. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले होते. नंतर सिकंदराबाद व मुंबई येथेही त्यांचे स्टुडिओ निघाले. १९०५ साली ते वारले. पण त्यांचे काम आजही ओळखता येते, कारण चित्राच्या काचेवरच ते क्रमांक व आपले नाव घालीत. चांगले काम निवडून दाखवणे, ते योग्य माणसांच्या नजरेस आणणे आणि प्रत्येक चित्रावर नाव व नोंद ठेवणे, या तीन गोष्टींवर त्यांचा धंदा उभा राहिला. आजच्या आंतरजालावरही याहून वेगळे काही करावयाचे नसते.

लहान गावात राहून नाव होत नाही, अशी तक्रार कोणी करील. त्याने धारच्या फडके स्टुडिओची आठवण ठेवावी. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. ते धारला स्थायिक झाले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काम चोख असले की गाव आड येत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली गोष्ट निवडीची. नवा छायाचित्रकार सहसा काढलेली सर्व चित्रे मांडून बसतो. शंभर साधारण चित्रांत दहा उत्तम चित्रे हरवून जातात, आणि पाहणारा सर्वांत कच्च्या चित्रावरून आपली परीक्षा करतो. म्हणून वीस चित्रे निवडावीत, अधिक नकोत. ज्या कामासाठी गिऱ्हाईक हवे, त्याच कामाची ती असावीत. लग्नाचे काम हवे असेल तर मांडूच्या जहाज महालावरचे ढग कितीही सुंदर असले तरी ते गौण होत. उलट बाग येथील ठशांच्या छपाईचे कारागीर किंवा देवासच्या कारखानदारांचा माल यांची चित्रे काढून द्यावयाची असतील, तर नवरीची चित्रे बाजूला ठेवावीत. लग्न अद्याप मिळाले नसेल तर घरच्या कार्यात, चुलत भावंडांच्या साखरपुड्यात, परवानगीने काम करून नमुने तयार करावेत. दुसऱ्याचे चित्र आपले म्हणून लावणे ही मात्र सरळ चोरीच होय.

दुसरी गोष्ट जागेची. पहिली पाटी गूगलच्या नकाशावर, व्यवसायाची नोंद करून लावावी. त्यास पैसे पडत नाहीत. दुकान नसेल तर घराचा पत्ता झाकून केवळ आपण कोणत्या भागात काम करतो एवढे दाखवता येते. “देवासमध्ये फोटोग्राफर” असे शोधणाऱ्यास ही नोंद सापडू शकते. दुसरी पाटी इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी. तेथे चित्राची रुंदी १०८० बिंदू ठेवली म्हणजे ते स्वच्छ दिसते. तिसरी जागा म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ. त्याच्या नावाचे भाडे दरवर्षी भरावे लागते, परंतु तेथील मांडणी व पत्ता आपल्या हाती राहतो. हे सांगण्याचे कारण असे की, परक्याच्या वाड्यातील बिऱ्हाड केव्हा उठवावे लागेल याचा नेम नसतो. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये सामान्यांसाठी बंद झाले, आणि टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये आपल्या सरकारने बंदी घातली. ज्यांची सारी ओळख तेथेच होती, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तिन्ही ठिकाणी नाव, फोन क्रमांक व गाव एकसारखे लिहावे. चित्राखाली स्थळ, प्रसंग व साल यांची एक ओळ हिंदीत व मराठीत घालावी. शोधणाऱ्याला शब्द सापडतो, चित्र आपोआप सापडत नाही. चित्रावर नाव कोपऱ्यात लहान असावे. नवरीच्या चेहऱ्यावरून आडवे गेलेले नाव चित्रही बिघडवते आणि मनही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे व तिच्यासाठीच हा लेख मी लिहावयास घेतला. निकाह असो वा विवाह, घरातील लेकीसुनांची चित्रे त्या कुटुंबाने विश्वासाने काढू दिलेली असतात. छायाचित्रकाराने जाहिरातीसाठी ती जगापुढे मांडली आणि घरात वादळ उठले, असे प्रसंग माझ्या पाहण्यात आहेत. पुष्कळांची समजूत अशी की, बटण मी दाबले म्हणून चित्र माझे. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा पहिला हक्कदार तो काढवून घेणाराच ठरतो. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो, पण वापरण्याचा नव्हे. यास्तव काम ठरवतानाच एका कागदावर लिहून घ्यावे : कोणती चित्रे लावणार, कोठे लावणार, आणि कुटुंबाने सांगितल्यास किती दिवसांत काढून टाकणार. सही केवळ वडिलांची नको. ज्या मुलीचे चित्र आहे तिलाही विचारावे. कोणी नाही म्हटले तर दागिने, मेंदीचे हात, सजवलेला मांडव यांची चित्रे लावावीत. दीनदयाळांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. गिऱ्हाइकाची लाज राखणे हे धंद्याच्या विरुद्ध नसून धंद्याचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या मुलींपैकी कोणी या व्यवसायात आली, तर तिला याच कारणाने काम कमी पडणार नाही.

हाच न्याय भगोऱ्याच्या हाटालाही लावावा. होळीपूर्वी धार, झाबुआ, अलीराजपूर या बाजूला भिल्ल-भिलाल्यांचे हे हाट भरतात, तेव्हा नटूनथटून आलेल्या मुलींच्या तोंडासमोर कॅमेरे धरले जातात. त्या मुली प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. विचारून चित्र काढावे आणि जमल्यास एक प्रत त्यांना पोचवावी. मांडूसारख्या संरक्षित वास्तूंत हातातील कॅमेऱ्याने साधी चित्रे काढण्यास सहसा अडचण नसते. तिपाई लावावयाची किंवा चित्रफीत घ्यावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. ते वाचल्याविना ड्रोन उडवू नये.

चौथी गोष्ट राखणीची. मूळ चित्रांच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा छायाचित्रकारांत रूढ नियम आहे. खात्याचा परवलीचा शब्द एकट्या फोनच्या भरवशावर ठेवू नये. दुहेरी पडताळणी चालू करून सुटकेचे अंक वहीत लिहावेत. व्हॉट्सअॅपवर सहज पाठवलेले चित्र दबून लहान होते, म्हणून गिऱ्हाइकास अंतिम चित्रे दस्तऐवज म्हणून अथवा पेनड्राइव्हवर द्यावीत.

शेवटी धीर हवा. पैसे देऊन विकत घेतलेले हजारो अनुयायी एकही लग्न मिळवून देत नाहीत. त्यापेक्षा काम झाल्यावर दहा कुटुंबांना खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी आणि आलेल्या प्रत्येक विचारणेस त्याच दिवशी उत्तर द्यावे, भाव न पटला तरी.

वडीलधाऱ्या सभासदांनाही एक विनंती. घरातील कार्याला आपल्याच मुलांपैकी कोणाला बोलावले, तर ‘घरचाच आहे’ म्हणून त्याचे पैसे बुडवू नयेत. आणि कराराचा कागद पुढे केला तर राग मानू नये. तो कागद त्याच्या पोटासाठी जितका आहे, तितकाच आपल्या लेकीच्या मानासाठीही आहे.