परिमेय समीकरणांचे वर्गसमीकरणात रूपांतर

ज्या समीकरणाच्या दोन्ही बाजू बहुपदींच्या भागाकाराच्या रूपात मांडता येतात, त्याला परिमेय समीकरण म्हणतात. अशा काही समीकरणांत एकच राशी पुन्हा पुन्हा येते. तिच्या जागी नवे चल ठेवल्यास मूळ समीकरण वर्गसमीकरणाचे रूप घेते. या रीतीला प्रतिस्थापन म्हणतात. वर्गसमीकरण सोडवणे हा तिचा सोपा भाग होय; चुका बहुधा नव्या चलाकडून मूळ चलाकडे परतताना होतात.

रीत

परिचित प्रकारात एखादी राशी आणि तिचा गुणाकार व्यस्त एकत्र येतात. उदाहरणार्थ,

क्ष/(क्ष + १) + (क्ष + १)/क्ष = ५/२

येथे क्ष = ० आणि क्ष = −१ या किमतींनी छेद शून्य होत असल्यामुळे त्या वर्ज्य आहेत. पहिल्या पदासाठी म लिहिल्यास म + १/म = ५/२, म्हणजेच २म² − ५म + २ = ० हे समीकरण मिळते. त्यावरून म = २ किंवा म = १/२. पहिल्या किमतीवरून क्ष = −२ आणि दुसरीवरून क्ष = १ येते. अर्थात, छेदांनी थेट गुणले तरी येथे क्ष² + क्ष − २ = ० हे वर्गसमीकरणच मिळते. प्रतिस्थापनाची खरी गरज पुढील समीकरणात दिसते.

२(क्ष² + १/क्ष²) − ३(क्ष + १/क्ष) − १ = ०

क्ष² ने गुणल्यास २क्ष⁴ − ३क्ष³ − क्ष² − ३क्ष + २ = ० असे चौथ्या कोटीचे समीकरण तयार होते. त्याचे सहगुणक कोणत्याही टोकाकडून वाचले तरी सारखेच आहेत. ही सममिती असल्यामुळेच क्ष + १/क्ष = म असे लिहिणे उपयोगी पडते. वर्ग केल्यावर क्ष² + १/क्ष² = म² − २ मिळते; यातील −२ विसरणे ही नेहमीची चूक आहे. आता २म² − ३म − ५ = ०, म्हणून म = ५/२ किंवा म = −१.

म = ५/२ घेतल्यास क्ष = २ किंवा क्ष = १/२. म = −१ घेतल्यास क्ष² + क्ष + १ = ० मिळते; त्याचा विवेचक −३ असल्यामुळे वास्तव मुळे नाहीत. शून्येतर वास्तव क्ष साठी क्ष + १/क्ष ची किंमत −२ व २ यांच्या दरम्यान कधीच येत नाही, हे ठाऊक असल्यास −१ ही किंमत तेथेच बाजूला ठेवता येते.

अवयव सहज पडत नसतील तेव्हा पूर्ण वर्गाची रीत वापरतात. भास्कराचार्य (द्वितीय) यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात या विषयाला मध्यमाहरण म्हटले असून, दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणण्याचा श्रीधराचार्यांचा नियम तेथे उद्धृत केला आहे.

मुळांची पडताळणी

नव्या चलाच्या प्रत्येक किमतीला मूळ चलाची किंमत असतेच असे नाही. [क्ष/(क्ष − १)]² − ३[क्ष/(क्ष − १)] + २ = ० यात म = १ व म = २ ही मुळे मिळतात. परंतु क्ष/(क्ष − १) = १ मानल्यास क्ष = क्ष − १ ही विसंगती येते. उत्तर एकच, क्ष = २.

याउलट, छेदाने गुणताना नसलेले मूळही आत शिरू शकते. क्ष²/(क्ष − १) = १/(क्ष − १) यावरून क्ष² = १ मिळते, पण क्ष = १ या किमतीला मूळ समीकरणाचे छेदच शून्य होतात; म्हणून केवळ क्ष = −१ ग्राह्य ठरते.