आपल्या गल्लीत पाऊस किती पडला?

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईतला कोणताही कष्टकरी विसरणार नाही. त्या दिवसाचा ९४४ मिलिमीटर हा आकडाही अनेकांना पाठ आहे. पण हा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्याच चोवीस तासांत, त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाबा वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका टोकाला माणसे बुडत होती आणि दुसऱ्या टोकाला नेहमीसारखी सर येऊन गेली होती. दोन्ही आकडे खरेच. मग आपल्या गल्लीत त्या दिवशी नेमका किती पडला? जिथे मोजायला कोणी नव्हते, तिथला पाऊस कोणाच्याच वहीत नाही.

घरच्या घरी हवामान मोजण्याचा छंद ही श्रीमंतांची चैन आहे असा समज आहे. तसे अजिबात नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी मिलिमीटर म्हणजे काय ते पाहू. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, तर जेवढे साचेल तेवढी त्याची उंची म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचा पत्रा साधारण सव्वानऊ चौरस मीटरचा. म्हणजे सांताक्रूझच्या त्या पावसात अशा एका खोलीच्या पत्र्यावर जवळजवळ पावणेनऊ हजार लिटर पाणी कोसळले. आता वस्तीतल्या खोल्या मोजा आणि नाल्याची रुंदी आठवा.

पाऊस असा जागोजाग वेगळा पडतो, हे अमेरिकेतल्या एका गावानेही फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे २८ जुलै १९९७ च्या रात्री पूर आला. गावाच्या एका बाजूला सुमारे साडेचौदा इंच पाऊस झाला होता आणि दुसऱ्या बाजूला दोन इंचही नाही. पाच जीव गेले, आणि ते गेले नाल्याकाठच्या स्वस्त, चाकांवरच्या घरांच्या वस्तीतले. नाल्याकाठी कोण राहते, हे तिकडे काय आणि इकडे काय, वेगळे सांगायला नको. तिथल्या विद्यापीठातील नोलन डोस्कन या हवामान अभ्यासकाने पुढच्याच वर्षी, १९९८ साली, गावकऱ्यांच्या हाती साधी प्लॅस्टिकची पर्जन्यमापके दिली आणि रोज सकाळी वाचून आकडा कळवा असे सांगितले. त्यातून ‘कोकोराझ’ ही चळवळ उभी राहिली. आज तिच्यात हजारो माणसे आहेत; त्यांत शाळेतली मुले आहेत, शेतकरी आहेत, निवृत्त म्हातारे-कोतारेही आहेत.

तसे पाहिले तर ही कल्पना इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स या गृहस्थाने १८६० साली १६८ ठिकाणच्या पावसाच्या नोंदी जमवून त्यांचे संकलन केले. १९०० साली तो वारला तेव्हा तीन हजारांहून अधिक ठिकाणांहून नोंदी येत होत्या, आणि त्या सगळ्या टपालाने! आपण खिशात मोबाइल बाळगणारी माणसे.

आता साधन. सोळा सेंटिमीटर तोंडाचे प्लॅस्टिकचे नरसाळे आणि तेलाचा पाच लिटरचा रिकामा, स्वच्छ धुतलेला कॅन घ्या. नरसाळे कॅनच्या तोंडात घट्ट बसवा. सोळा सेंटिमीटरच कशासाठी? कारण त्या तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ २०१ चौरस सेंटिमीटर येते आणि हिशेब सोपा होतो : कॅनमध्ये जमलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मोजायला औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज पुरते. पाच लिटरच्या कॅनमध्ये २५० मिलिमीटर पाऊस मावतो. हवामान खाते चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते, तेव्हा कॅन ओसंडून वाहण्याचा प्रसंग क्वचितच यायचा. नरसाळ्याचा काठ उभा असेल तर उत्तम. पसरट असेल तर जोराचे थेंब उडून बाहेर जातात. ज्यांना हेही नको, त्यांनी सरळ उभ्या बाजूंचा डबा ठेवावा आणि आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. डबा रुंद असो की अरुंद, बाजू सरळ असल्या तर उंची तीच येते. मुलांना हे आधी पटत नाही. दोन वेगवेगळे डबे शेजारी ठेवून दाखवा.

जागा मात्र विचार करून निवडावी लागते, आणि आपल्या वस्त्यांत खरी अडचण इथेच. भिंत किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा आणि त्याचे तोंड जमिनीपासून फूटभर उंच. चाळीत किंवा झोपडपट्टीत एवढी मोकळी जागा कुठून आणायची? शाळेचे मैदान, विहाराचे अंगण, समाजमंदिराची गच्ची बघावी. गच्चीवर वाऱ्याने पाऊस थोडा कमी भरतो, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ‘गच्चीवरील नोंद’ असे लिहून ठेवावे. जागा एकदा ठरली की हलवू नये.

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेच्या गच्चीवर हा कॅन गेले काही पावसाळे ठेवलेला आहे. सातवी-आठवीची मुले-मुली पाळीने नोंद करतात. सकाळी साडेआठ ही वेळ ठरलेली, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच उलटतो. आज सकाळी वाचलेला आकडा म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस. ही वेळ पाळली तरच आपला आकडा वेधशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

कारकुनी करणारा माणूस असल्यामुळे एका गोष्टीबाबत माझा हट्ट आहे. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचे, रकाना कोरा सोडायचा नाही. जमाखर्चात शून्य आणि कोरी जागा यांत फरक असतो. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते, कोरे म्हणजे पाहिलेच नाही. दोन दिवस कोणी आले नाही तर दोन्ही दिवसांचा मिळून एक आकडा लिहून तसा शेरा मारायचा, अर्धा-अर्धा वाटून टाकायचा नाही. खाडाखोड करायची तर जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ ओढायची.

या वहीचा उपयोग काय, असे शेजारीपाजारी विचारत. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरते हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण ‘फार पाणी भरते साहेब’ असा अर्ज कितीदा दिला तरी त्याचे काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. मुलांनी कोपऱ्याच्या भिंतीवर रंगाने घोटा, गुडघा, कंबर अशा खुणा केल्या आणि वहीत एक रकाना वाढवला : पाणी कुठल्या खुणेपर्यंत आले, किती वाजता, समुद्राला भरती होती की ओहोटी. दोन पावसाळ्यांनंतर त्या पानांच्या झेरॉक्स अर्जाला जोडल्या. संबंधित कार्यालयातील साहेबांनी प्रथमच बसायला सांगितले आणि तारखा विचारल्या. नाल्याचा तोंडाशी तुंबलेला भाग पुढच्या जूनआधी उपसला गेला. रुंदीकरण अजून कागदावरच आहे. अशी वही म्हणजे अधिकृत पुरावा नव्हे. परंतु तारीखवार आकडे समोर असले की ‘पाहतो’ म्हणून वाटेला लावणे अवघड होते.

त्याच कामात कॅनची मर्यादाही कळून आली. कॅन दिवसाची बेरीज देतो. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला की दोन तासांत कोसळला, हे तो सांगत नाही. आणि गल्ली बुडते ती तासाच्या पावसाने. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकीच होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानंतर ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम ठरले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. २६ जुलैला सांताक्रूझला एकाच तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला होता.

तासाचा पाऊस हवा असेल तर स्वयंचलित हवामान केंद्र लागते. त्यासाठी एका कुटुंबाला महिन्याच्या पगारात हात घालावा लागेल. मंडळाने किंवा अभ्यासिकेने वर्गणी काढून घेतले तर परवडते. त्यात नरसाळ्याखाली झोपाळ्यासारखी दोन छोटी पात्रे असतात. एक पात्र भरले की कलंडते आणि दुसरे खाली येते. प्रत्येक कलंडण्याची एक नोंद, बहुतेक यंत्रांत ०.२ मिलिमीटरच्या आसपास. फार जोराच्या पावसात मात्र ही पात्रे मागे पडतात आणि आकडा कमी येतो. म्हणून यंत्र आले तरी आमच्या मते कॅन काढू नये, दोन्ही शेजारी ठेवावेत.

अशा केंद्राबरोबर तापमापक, आर्द्रतामापक, वायुभारमापक आणि वाऱ्याचे यंत्र असते. वायुभाराचा आकडा समुद्रसपाटीला जुळवून घ्यावा लागतो, कारण दर आठ-साडेआठ मीटर उंचीला हवेचा दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, तेव्हा तिथे जुळवणी न करता पाठवलेला आकडा पाहून वादळ आले असेच कोणाला वाटेल! तापमापक उन्हात नको, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, खेळत्या हवेत हवा. पत्र्यावर ठोकलेला तापमापक पत्र्याचे तापमान सांगतो, हवेचे नाही.

इथे एक गोष्ट माता-भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. बातम्यांत येणारे तापमान मोकळ्या जागेतले, सावलीतले असते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चुलीजवळ उभी असलेली बाई याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. घरात एक साधा तापमापक लावून दुपारी दोनचा आणि रात्री दहाचा आकडा लिहून ठेवा. हा आकडा हवामानाच्या नोंदीत मिसळायचा नाही, त्याची वही वेगळी. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना दुपारी कुठे बसवायचे, हे तीच वही सांगेल.

यंत्र वायफायला जोडले की आकडे दर काही मिनिटांनी आपोआप इंटरनेटवर जातात. १९९५ साली मिशिगन विद्यापीठातून सुरू झालेले ‘वेदर अंडरग्राउंड’ जगभरच्या घरगुती केंद्रांचे आकडे एका नकाशावर दाखवते. ब्रिटिश हवामान खात्यानेही २०११ मध्ये अशी सोय सुरू केली. नाव नोंदवताना कुटुंबाचे आडनाव, खोली क्रमांक देऊ नये, वस्तीचे नाव पुरे. आणि आपण सांगतो तो पडलेला पाऊस, पडणारा नव्हे. ‘आज रात्री ढगफुटी होणार’ असले निरोप मोबाइलवर फिरवणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये.

गावाकडच्या भावकीलाही हे कळवा. तिथे तर थेट पोटाचा प्रश्न आहे. अतिवृष्टीची नुकसानभरपाई ठरवताना महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला का, हे पाहण्याची पद्धत आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसवली गेली. पण महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांहून अधिक, म्हणजे एका केंद्रामागे वीसएक गावे. केंद्राच्या गावात ४० मिलिमीटर आणि आपल्या शिवारात सोयाबीन पाण्याखाली, असे घडू शकते. अशा वेळी तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करताना गावातल्या शाळेची रोजची नोंदवही हाताशी असली तर बोलणे सोपे जाते. ती एका दिवसापुरती लिहिलेली नको. जूनपासूनची सगळी पाने, शून्यांसकट, असली पाहिजेत.

कॅन किंवा यंत्र बसवायचे ते मृगाच्या आधी, मे महिन्यातच. नरसाळ्यावर जाळी लावा, पण आठवड्यातून एकदा ती काढून धुवा. कावळ्याची घाण, पिंपळाची पाने आणि कोळ्याची जाळी यांनी भोक बुजते आणि भर पावसात यंत्र शून्य दाखवत बसते. कॅनमधले पाणी मोजून झाल्यावर रोज ओतून टाका, नाहीतर डासांची पैदास होईल.