रिकामी ज्ञानकोठारे आणि सल्लागाराचे काम

विद्यापीठातील एका विभागात कोणते संशोधन चालले आहे हे शेजारच्या विभागास ठाऊक नसते, ही तक्रार जुनी आहे. ती दूर करण्यासाठी संगणकाची साधने बसविणे आणि त्यांच्या वापराविषयी संस्थांना सल्ला देणे हा व्यवसाय मात्र अलीकडचा होय. अनेकांनी मिळून लेखन करण्याची साधने, संस्थेचा स्वतःचा ज्ञानसंग्रह, प्रबंधांचे भांडार इत्यादि गोष्टी त्यात येतात. या व्यवसायाचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव पाहता एक गोष्ट वारंवार नजरेस पडते : साधन उत्तम असते, त्यावर पैसाही खर्च झालेला असतो, तथापि त्यात आपले ज्ञान आणून ठेवावयास फारसे कोणी येत नाही. असे का व्हावे आणि सल्लागाराने आरंभ कोठून करावा, याचा विचार काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्याने २००० साली एका संगणकप्रणालीचे काम हाती घेतले व नोव्हेंबर २००२ मध्ये ती 'डीस्पेस' या नावाने सर्वांस विनामूल्य खुली केली. प्राध्यापकांचे निबंध, अहवाल, प्रयोगांतील आकडेवारी हे सारे एके ठिकाणी ठेवावे, प्रत्येक लेखास कायमचा पत्ता मिळावा आणि तो जगात कोठूनही शोधता यावा, अशी ही योजना होती. अशा संग्रहास 'इन्स्टिट्यूशनल रिपॉझिटरी', म्हणजे संस्थेचे ज्ञानकोठार, असे नाव पडले. नियतकालिकांच्या वाढत्या वर्गण्यांनी जेरीस आलेल्या ग्रंथपालांना ही कल्पना साहजिकच आकर्षक वाटली. विद्यापीठामागून विद्यापीठाने कोठार उभारले, आणि त्यांतील बरीचशी रिकामी राहिली.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात हाच अनुभव आला. तेथील ग्रंथालयाने यावर जो उपाय योजला तो मात्र नेहमीचा नव्हता. पत्रके छापणे किंवा प्रशिक्षणवर्ग भरविणे हा मार्ग न धरता त्याने २००३ साली मिळालेल्या अनुदानातून एका मानवशास्त्रज्ञ विदुषीची योजना केली. नॅन्सी फॉस्टर यांनी ग्रंथालयातील सहकाऱ्यांसह प्राध्यापकांच्या खोल्यांत जाऊन, एखाद्या अपरिचित जमातीचा अभ्यास करावा त्या पद्धतीने, त्यांच्या कामाचे निरीक्षण केले. 'तुम्हांस कोणते साधन हवे?' असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. लेख कोठे ठेवता, त्याचा मागचा मसुदा कसा शोधता, सहलेखकाकडे तो कसा धाडता, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगितले. या पाहणीचे निष्कर्ष फॉस्टर व सुझन गिबन्स यांनी जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध केले.

ते निष्कर्ष आजही कोणत्याही सल्लागाराने पुढ्यात ठेवावेत असे आहेत. प्राध्यापकाची अडचण लेख पूर्ण झाल्यावर सुरू होत नसून तो लिहीत असतानाच ती असते, असे दिसून आले. एकाच लेखाचे पाच-सात मसुदे निरनिराळ्या संगणकांवर पडलेले असतात व त्यांतील अखेरचा कोणता हे सहलेखकांनाच कळत नाही. घरी बसून कार्यालयातील लेख हाती लागत नाही. प्रकाशकाच्या हक्काचा भंग होईल की काय, ही धास्ती असते. आपल्या विषयातील इतर विद्वानांनी आपले लेखन वाचावे ही इच्छा मात्र तीव्र असते. ते विद्वान बहुधा आपल्या विद्यापीठात नसून देशोदेशी विखुरलेले असतात. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, आहे त्या व्यापात नवी भर पडू नये हे प्रत्येकाचे पहिले मागणे असते.

आता ज्ञानकोठाराने त्यांस काय देऊ केले होते? पूर्ण झालेला लेख आणून द्या, त्यासोबत एक लांबलचक नमुनापत्रक भरा, आणि तो संस्थेच्या नावाने, विभागवार लावलेल्या कप्प्यात ठेवू द्या. म्हणजे ज्या टप्प्यावर लेखकाची अडचण संपते त्याच टप्प्यावर हे साधन मदतीस येत होते. नावातही दोष होता. 'संस्थेचे कोठार' हे शब्द ऐकून संस्थेची सोय कळते. लेखकाचा लाभ कळत नाही. रॉचेस्टरच्या ग्रंथालयाने हे ओळखले. त्याने बोलण्याची भाषा बदलली, प्रत्येक संशोधकास त्याच्या नावाचे स्वतंत्र पान दिले, आणि पुढे स्वतःची अशी प्रणाली तयार केली की जीत मसुदे ठेवण्यास व सहलेखकांना ते दाखविण्यास खासगी जागा होती. लेख तेथेच लिहिला जावा आणि पूर्ण होताच लेखकाच्या इच्छेने तेथूनच प्रसिद्ध व्हावा, असा त्यामागील विचार होता.

कॉर्नेल विद्यापीठातील उदाहरण याहून उद्बोधक आहे. तेथेही डीस्पेस बसविण्यात आले होते व तेही ओस पडले होते. फिलिप डेव्हिस व मॅथ्यू कॉनली यांनी अकरा प्राध्यापकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्याची कारणे २००७ साली मांडली. आपले लेखन अन्यत्र उपलब्ध आहेच, नवी पद्धत शिकण्यास वेळ नाही, कल्पना चोरीस जाईल, सुमार लेखांच्या शेजारी आपला लेख दिसेल, अशी ती होती. परंतु विशेष हे की, पदार्थवैज्ञानिक व गणितज्ञ ज्यात आपले लेख आपण होऊन धाडतात तो 'अर्काइव्ह' नावाचा सुप्रसिद्ध संग्रह २००१ पासून याच कॉर्नेलमध्ये होता. एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली एक कोठार ओसंडून वाहत होते आणि दुसऱ्यात शुकशुकाट होता. दोहोंतील भेद यंत्रात शोधू गेल्यास सापडणार नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली लॉस अलामॉस येथे अर्काइव्ह सुरू केले त्याच्या कितीतरी आधीपासून उच्चऊर्जा भौतिकीतील संशोधक आपल्या लेखांच्या प्रती छपाईपूर्वीच परस्परांस टपालाने पाठवीत असत. देवघेवीची चाल रूढ होतीच. गिन्सपार्ग यांनी तिचा टपालखर्च व विलंब वाचविला. जेथे अशी चाल नाही तेथे तेच यंत्र बसविल्याने ती उत्पन्न होत नाही.

अशी चाल मुद्दाम घडवावयाची असेल तर काय लागते, याचे एक उदाहरण पुण्यातच आहे आणि त्यात संगणकाचा संबंध नाही. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून घेण्यात आले व त्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, म्हणजे चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांचे फळ पाहण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. तरीही हा संचय साठला, याचे कारण उघड आहे. चिठ्ठी लिहिणे हेच तेथील विद्वानाचे काम होते. काम संपल्यावर करावयाचा तो वेगळा उपचार नव्हता. शिवाय चिठ्ठीचा साचा ठरलेला असल्याने एकाने लिहिलेली चिठ्ठी पुढे दुसऱ्याला, लिहिणाऱ्यास न विचारता, वापरता येत असे.

संचय वाढविण्याचा दुसरा मार्ग सक्तीचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या प्राध्यापकांचे लेख संग्रहात ठेवणे २००४ च्या आरंभापासून आवश्यक केले. पोर्तुगालमधील मिन्यो विद्यापीठाने पुढील वर्षी सक्तीबरोबर विभागांना जमा केलेल्या लेखांच्या प्रमाणात द्रव्यसाहाय्यही दिले. दोन्हीकडे संग्रह वाढले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांद्वारे पीएच्. डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले व त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' हे भांडार चालविले. आज गांधीनगर येथे असलेले हे केंद्र १९९१ साली पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचा एक प्रकल्प म्हणून जन्मास आले होते. शोधगंगेची प्रणालीही डीस्पेसच होय. जे यंत्र कॉर्नेलमध्ये ओस पडले तेच येथे काही लाख प्रबंधांनी भरले, कारण प्रबंध दिल्यावाचून पदवी मिळत नाही.

सक्तीने कोठार भरते हे मान्य केले पाहिजे, आणि भारतासारख्या देशात ही कामगिरी लहान नाही. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठातील प्रबंध पाहावयाचा तर प्रवास करून, ग्रंथपालाची परवानगी काढून, टेबलाशी बसून टिपणे घ्यावी लागत. तथापि भरलेले कोठार उपयोगी पडतेच असे नाही. मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर ही उणीव फारच जाचक आहे.

देवनागरीस युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ सालीच स्थान मिळाले. परंतु मराठी छपाईचा व्यवसाय दीर्घकाळ निराळ्या टंकांवर चालला, व काही प्रमाणात अद्याप चालतो. या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. कागदावर 'लोकसाहित्य' असे स्वच्छ उमटते. यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ असतो. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचे रूपांतर करणारी प्रणाली दुसरीस चालत नाही. अशा टंकात लिहिलेला प्रबंध भांडारात जमा होतो, त्याचे शीर्षक सूचीत दिसते, पण आतील मजकुरात एखादा शब्द शोधू गेल्यास काही हाती लागत नाही. छापील प्रतीचे केवळ छायाचित्र घेऊन ठेवलेल्या प्रबंधाचीही तीच गत. परिणामी मोडी दफ्तरांवर किंवा एखाद्या बोलीवर पूर्वी झालेले काम नव्या अभ्यासकास दिसत नाही, आणि तेच क्षेत्रकार्य, तीच शब्दसूची तो पुन्हा पहिल्यापासून करतो. नियमाची पूर्तता झालेली असते. ज्ञानाचा विनिमय झालेला नसतो.

अशा संस्थेने सल्लागारास पाचारण केल्यास तो बहुधा प्रथम कोणती प्रणाली घ्यावी, तीस किती जागा लागेल याचा हिशेब मांडतो. विकणाऱ्याच्या प्रतिनिधीने तसे करणे समजण्यासारखे आहे. सल्लागाराने तसे करणे ही चूक होय. मराठी विभागात रॉचेस्टरची पद्धत लावावयाची तर त्याने प्रबंध कसा तयार होतो हे आरंभापासून पाहावे लागेल. विद्यार्थी हस्तलिखित मसुदा घेऊन बहुधा विद्यापीठाजवळच्या डीटीपीच्या दुकानात जातो. टंक कोणता वापरावयाचा हे तो दुकानदार ठरवितो. मार्गदर्शकास त्याची कल्पना नसते व ग्रंथपालास ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तपासणीच्या दुरुस्त्या तेथेच होतात, मूळ फाइल तेथेच राहते, आणि काही काळाने जागा करण्यासाठी ती पुसलीही जाते. विभागाने नोंदणीच्या वेळीच विद्यार्थ्याच्या हाती युनिकोडचा एक ठरलेला साचा दिला, दुकानदारास त्याची ओळख करून दिली आणि प्रत्येक प्रकरणाची फाइल मार्गदर्शकाकडे त्या त्या वेळी येऊ लागली, तर पुढचे काम पुष्कळ हलके होते. यास नवी प्रणाली लागत नाही, खर्चही जवळजवळ नाही. विभागातील जुन्या प्रबंधांच्या मूळ फाइली ज्यांच्याकडे अजून शिल्लक आहेत, अशा दुकानदारांची व माजी विद्यार्थ्यांची यादी करणे हे मात्र त्याआधी व्हावयास हवे, कारण ते जुने संगणक एकेक करून भंगारात जात आहेत.